हादऱ्याची भाषा जाणणारे आप्पा मिस्त्री

आप्पांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते दातवण करीत आहेत असे मला वाटले.

नंदुरबारच्या शाळेत मी नुकताच मास्तर म्हणून आलो होतो. स्वदेशीच्या शपथपत्रकावर सह्या घ्यायला स्टेशनकडच्या एका जिनात गेलो. कापसातून सरकी वेगळी करणारा आणि रुईच्या गाठी बांधणारा तो कारखाना हंगामात दिवसभर धडधडत असे. इंजिनघरात एक सडपातळ गृहस्थ डोळे मिटून उभे होते. कडुनिंबाची हातभर काठी दातांत धरलेली, आणि काठीचे दुसरे टोक फिरत्या दांड्याच्या आधाराला टेकवलेले. मला थट्टा सुचली.

"काय मिस्त्री, दातवण करायला दुसरी जागा नाही का मिळाली?"

त्यांनी डोळे न उघडता हात वर केला. मी थांबलो. काही वेळाने काठी काढून ते म्हणाले, "दातवण नही मास्तर, आयकी ऱ्हायनू. आठे गोंगाटमा कान फसी जातस. दात फसत नहीत." मग मदतनिसाला त्यांनी सांगितले, "तिसरा आधारले तेल दे. तो कुरकुर करी ऱ्हायना."

तिसऱ्या आधाराला हात लावला तर चटका बसला. तेल संपले होते. मी सह्या घ्यायला गेलो होतो आणि शिष्य होऊन परतलो, असे लिहिले तर ते सुंदर दिसेल. पण ते खरे नाही. मी त्या दिवशी नुसता चकित होऊन परतलो. शिष्य व्हायला मला आणखी काही वर्षे लागली आणि मधल्या काळात माझ्या हातून एक अन्याय घडला. तो सांगण्यासाठीच मी या गौरवग्रंथात जागा मागून घेतली आहे.

रनाळ्याचे श्री. शिवराम दगा मिस्त्री, म्हणजे आपणां सर्वांचे आप्पा, यंदा साठ वर्षांचे होत आहेत. त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. त्यांना भेटल्यानंतर माझ्या कपाटातील पुष्कळ पुस्तके मला पुन्हा वाचावी लागली, कारण त्यांत जे छापले होते ते आप्पा बोटांनी जाणत होते. या देशात इंग्रजीत सांगितले की ज्ञान ठरते आणि अहिराणीत सांगितले की अडाण्याची बडबड ठरते! हा न्याय मोडून काढल्याशिवाय आपण स्वतंत्र होणार नाही, असे मी सभासभांतून सांगत आलो आहे. दुर्दैव असे की, ज्या दिवशी तो न्याय मोडायची वेळ माझ्यावर आली, त्या दिवशी मी स्वतःच त्या न्यायासनावर बसलो होतो.

आप्पांचे सगळे शास्त्र दोन शब्दांत मावते. एक हादरा आणि दुसरा दाब. ते म्हणतात, "हादरा सैल करस, दाब धरी ठेवस. दोन्ही आपला काममा ठेवाना. दोन्हीसना भरोसा धराना नही." बाजारात ज्वारी घेताना पायली भरली की ते तिला बाहेरून दोन टिचक्या मारतात. दाणे दाटून खाली बसतात आणि वर ओंजळभर जागा होते. दुकानदार कपाळाला हात लावतो. आगगाडी गेली की फळीवरचे भांडे दर वेळी तसूभर पुढे सरकते, जात्याचा खुंटा रोज दळण पडणाऱ्या घरात आधी ढिला होतो, या गोष्टी आपण सारे पाहतो. आप्पा त्या पाहून थांबत नाहीत. हलवणारा कोण आणि धरून ठेवणारा कोण, एवढे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नाही.

दाबाविषयीचा त्यांचा करारीपणा खापर गावच्या एका व्यापाऱ्याने अनुभवला. त्याच्या गाड्यांतला कापूस वजनासाठी पाणी मारून आणलेला होता. आप्पांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि दाबयंत्र थांबवायला सांगितले.

व्यापारी म्हणाला, "अहो, दाबल्यावर पाणी आपोआप निघून जाईल की!"

"निंघत नही शेठ, कोंडास," आप्पा म्हणाले. "ओला चारानी गंजी कशी आतमधून तपस? तशीच गाठ तपी. तुमनी एक गाठ जळनी ते जळू द्या, पन तिना शेजारी बाकीन्यासन्या गाठी शेतस."

वाद वाढला. तेव्हा आप्पांनी त्या कापसाची एकच गाठ बांधून अंगणात एकटी ठेवली आणि व्यापाऱ्याला पुढच्या बाजाराला बोलावले. तो आला. आप्पांनी लोखंडी पट्ट्या तोडल्या आणि म्हणाले, "घाला हात." व्यापाऱ्याने हात घातला आणि चुलीतून काढावा तसा काढला. आतला कापूस पिवळा पडला होता आणि आंबूस वास येत होता. त्यानंतर त्याने ओला माल आणला नाही. आणि नवल म्हणजे तोच व्यापारी पुढे आप्पांच्या शब्दावर आपला सगळा माल सोडून घरी जाऊ लागला.

त्यांच्या मायेचीही एक गोष्ट सांगतो. जिनाच्या खालच्या मजल्यावर लांब दांडा फिरतो, त्यावरून पट्टे वर जातात आणि वरच्या मजल्यावर सरकी काढणाऱ्या चरक्यांच्या रांगा चालतात. त्या चरक्यांना कापूस भरवायला बायका दिवसभर लाकडी तक्तपोशीवर बसतात. संध्याकाळी त्यांच्या मांड्या बधिर होत आणि बोटांना मुंग्या येत. कोणी म्हणे वात आहे, कोणी म्हणे बाहेरची बाधा. आप्पांनी तक्तपोशीवर तळहात ठेवून पाहिला. दुसऱ्या दिवशी सरकीची टरफले भरलेली पोती प्रत्येकीच्या बैठकीखाली आली. हादरा पोत्यात जिरू लागला आणि बाधा उतरली. बायजाबाई नावाची एक धीट बाई तेव्हा म्हणाली, "आप्पा, गादीवर ते बठाडं, आते पंखा हालाडाले एखादा मानूस बी ठेवा!" आप्पा म्हणाले, "ठेवतू ना. शेठलेच सांगतू."

आता मुख्य गोष्ट.

माझ्या व्याख्यानांची एक रीत होती. टाळ्या मला नको असत. टाळ्या म्हणजे साहेबाच्या मेजवानीतले कौतुक, असे मी म्हणे. मी लोकांना सांगत असे, "पटले तर पाय आपटा! ही जमीन तुमची आहे, तिला ऐकू जाऊ द्या!" मी एक वाक्य बोलावे आणि समुदायाने एकदम उजवा पाय आपटावा. विसरवाडीच्या माळावर, रनाळ्याच्या बाजारात धुरळा उठे आणि माझ्या अंगावर काटा येई.

एका चैत्रात हंगाम संपल्यावर जिनाचे मालक शेठजी यांनी स्वदेशीच्या सभेसाठी जिनाचा रिकामा वरचा मजला दिला. बाहेर उन्हाची काहिली. सावलीत इतकी माणसे मावतील अशी दुसरी जागा गावात नव्हती. सभा दाटीवाटीने भरली. पहिला अर्धा तास मी विलायती कापडावर बोललो. पाय पडत होते. मग मी विषय वळवला. ज्या मजल्यावर आपण बसलो आहोत तिथे बायका दुपारची घटकाभर विश्रांती न घेता राबतात, हे शेठजींच्या तोंडावर म्हटले. पाय असे पडले की पत्रे वाजले. शेठजींचा चेहरा उतरला.

आणि नेमक्या त्याच क्षणी भिंतीजवळून आप्पा उठले. दोन्ही हात वर करून ओरडले, "मास्तर, थांबा! भाषन थांबाडा! पाय आपटू नका!"

मी म्हणालो, "मिस्त्री, खाली बसा."

"बठानं नही, उतरानं शे! एकेक करीसन उतरा. पाय मिळाडू नका. म्हाताऱ्यासले पहिले उतरू द्या!"

पाठीमागून कोणी ओरडले, "ओ मिस्तरी, शेठनं मीठ खाधं का?" हशा झाला. आप्पांनी तिकडे पाहिलेसुद्धा नाही. ते जिन्यापाशी जाऊन माणसांच्या दंडाला धरून एकेकाला खाली सोडू लागले. म्हाताऱ्या आधी, मग बायका, मग बाकीचे. माझ्यासमोरची सभा दहा-पंधरा मिनिटांत वितळून गेली. मी शेवटी उतरलो. मजला जागच्या जागी होता. भिंत उभी होती. एक पत्रासुद्धा निखळला नव्हता.

मी पेटलो. मालकाविरुद्ध शब्द निघताच मालकाच्या मिस्त्रीने सभा उधळली, यापलीकडे मला काही दिसेना. आप्पा मला सांगायला दोनदा घरी आले; मी दोनदा भेट नाकारली. आठवड्याने रनाळ्याच्या बाजारात, त्यांच्या स्वतःच्या गावात, मी भर सभेत म्हणालो, "तुमच्या गावाने एक सभामोड्या जन्माला घातला आहे!" लोकांनी पाय आपटले. शब्द चिकटला.

त्याचा परिणाम काय झाला तो मला पुष्कळ उशिरा कळला. आप्पा हंगामात जिनाचे आणि उन्हाळ्यात गावाचे मिस्त्री. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सणाआधी रनाळ्यातील गाड्यांची चाके धाव चढवायला त्यांच्या दारात यायची, ही वडिलांपासूनची रीत. धाव म्हणजे चाकावरचे लोखंडी कडे. ते चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल करतात, फुगले की चाकावर बसवतात आणि वर पाणी ओततात. लोखंड आकसते, आरे आणि घेराच्या पाट्या एकमेकांत आवळल्या जातात आणि चाक वर्षभराचे खडखडाट सोसायला तयार होते. कडे फार लहान झाले तर आरे मोडतात, मोठे राहिले तर चाक पहिल्याच नाल्यात सुटते. तो अंदाज आप्पांचा. त्या दिवशी त्यांच्या दारात गूळपाणी वाटले जाई, माहेरी आलेल्या मुली पाहायला येत.

त्या वर्षी त्यांनी गोवऱ्या रचून ठेवल्या. एकही चाक आले नाही. लोकांनी दुसऱ्या गावचा लोहार बोलावला. आप्पांच्या पत्नी, आमच्या सीतावहिनी, विहिरीवर गेल्या तर कोणी म्हणाले, "वहिनी, हळू पाय ठेवा, नहीतं मिस्तरी विहीर बंद करी दी!" आप्पांनी गोवऱ्या उचलून घरात नेल्या, एवढेच.

इकडे जिनातही त्यांचे ऐकणारे कोणी नव्हते. वरच्या मजल्याची एक खांड, म्हणजे आडवी तुळई, भिंतीत सैल झाली आहे, हंगामाआधी भिंत उघडून पाहू, असे ते शेठजींना सांगत राहिले. शेठजी हसत. "अरे मिस्त्री, मास्तरच्या भाषणाने पडली नाही ती भिंत बायकांच्या बसण्याने पडणार?" म्हणजे माझ्या सभेत काही पडले नाही हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला! दसऱ्याला चरके सुरू होणार होते. त्या मजल्यावर बायका चढणार होत्या. आप्पांपाशी ना मालक होता, ना कामगार, ना गाव.

दसऱ्याच्या मुहूर्ताला नारळ फोडण्यासाठी शेठजींनी मला बोलावले होते. माझे तोंड बंद ठेवण्याचा तो मार्ग असावा. मी गेलो. इंजिन सुरू झाले. बायका पदर खोचून जिन्याशी उभ्या राहिल्या. तेवढ्यात आप्पा मूठभर सरकी घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, "बायजाबाई, चढाना पहिले एक गंमत दखी ल्या."

बायजाबाई, आणखी दोघी आणि मी वर गेलो. भिंतीकडच्या फळ्या उचलून त्या तुळईवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर, त्यांनी सरकीची एक ओळ मांडली. दुसरी ओळ पलीकडच्या चांगल्या तुळईवर. मग खाली आवाज दिला, "चाल वाढाडा!" दांडा पुऱ्या गतीने फिरू लागला. पलीकडची सरकी जागच्या जागी थरथरत राहिली. अलीकडची हलली, वळली आणि भिंतीकडे चालू लागली. एकेक दाणा तुळईच्या कडेने त्या फटीत उतरून नाहीसा झाला. फट बाहेरून केसाएवढी दिसत होती. आत पोकळी असल्याशिवाय इतकी सरकी गेली कुठे?

आप्पांनी माझा एक हात भिंतीवर आणि एक तुळईवर ठेवला. "दखा मास्तर. दोन्ही संगे हालतात ते काळजी नव्हती. आठे भिंत न्यारी हालस, खांड न्यारी हालस. पकड सुटी गयी."

माझ्या दोन तळव्यांखाली दोन वेगवेगळ्या थरथरी होत्या. 

बायजाबाई जिन्यापाशी गेली. तिने जिन्यावरून खाली हाक दिली, "बाया वं, सरकी जीव लईसन पयी ऱ्हायनी, आन आपुन आठे बठानं का?"

बायका अंगणात खाली बसल्या. शेठजी आले, ओरडले, दुसऱ्या बायका आणीन म्हणाले. बायजाबाई म्हणाली, "पहिले तुम्ही बठा वर, शेठ. गादी शे तठे, आप्पानी दियेल." मग शेठजींनाही वर जावे लागले, आणि आप्पांनी त्यांचेही दोन हात तिथेच ठेवले. शेठजी खाली आले ते इंजिन बंद करा असे सांगतच.

भिंत उघडली. तुळईचे भिंतीतले टोक आतून भुगा झाले होते. सारा भार दोन बोटे लाकडावर उरला होता. ते टोक मी हातात घेतले तेव्हा माझ्या बोटांना लाकडाची पूड लागली. मला चैत्रातली ती दाटी आठवली, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या आठवल्या, माझा आवाज आठवला.

मी आप्पांना विचारले, "पण त्या दिवशी तुम्हाला कळले कसे? इंजिन तर बंद होते."

"भितले पाठ लाईसन बठेल व्हतू. पाय पडतस आन मागे धक लागस. पहिले बारीक, मंग मोठा, मंग आखो मोठा. मास्तर, आखाजीले पोरी झोका खेळतस ना? जोर काढाना लागत नही. येळवर बोट लावं तरी झोका फांदीले भिडस. तुमनं वाक्य आन लोकेसना पाय, दोन्ही बराबर येळवर पडी ऱ्हायनात."

इतके सांगून ते पुन्हा म्हणाले, "तुम्ही चांगलंच बोली ऱ्हायनात. बाया राबतस ते खरं व्हतं. मी ते बी आयकं."

ज्या माणसाला मी त्याच्या गावात नागवे केले, तो माणूस माझे भाषण खरे होते असे मला सांगत होता! मी म्हणालो, उद्याच रनाळ्याला येतो आणि बाजारात उभा राहून शब्द मागे घेतो. ते म्हणाले, "आते नको मास्तर. कापूस यी ऱ्हायना. काम उरकू द्या." त्यांनी नको म्हटले आणि मी ते सोयीस्करपणे कायमचे धरून बसलो. चार मित्रांत चूक कबूल केली, आप्पांच्या ओसरीवर बसून क्षमा मागितली, आणि झाले असे मानले. शब्द बाजारात टाकला होता, परत मात्र ओसरीवर घेतला. सत्यावर मी किती भाषणे दिली याची मोजदाद नाही; हे एक भाषण मात्र मी टाळत आलो.

दरम्यान आप्पांनी तो मजला नव्याने उभा केला. फिरत्या दांड्याचे आधार भिंतीपासून तोडून स्वतंत्र दगडी पायावर घेतले, म्हणजे इंजिनाचा हादरा जमिनीत जाईल, भिंतीत नाही. बायकांना दुपारची घटकाभर सुटी मिळाली, तीही माझ्या भाषणाने नव्हे. तासन्‌तास चालून दांडा तापतो, त्याला दुपारी निवू द्यावे लागते, असे आप्पांनी शेठजींना सांगितले. मी नंतर विचारले, "खरेच तापतो का?" आप्पा म्हणाले, "तपस ना. आन बाया बी तपतस."

जिनात त्यांचा मान परत आला. रनाळ्यात मात्र तो पुरता आला नाही. पुढच्या आखाजीला काही चाके आली, काही आली नाहीत. तरुणांना कारणही ठाऊक नाही. त्यांनी वडिलांकडून नुसते टोपणनाव ऐकले आहे. गेल्या वर्षी त्या बाजारात एका पोरसवद्या दुकानदाराने आप्पांना त्या नावाने हाक मारली आणि आप्पांनी "ओ" दिली. मी शेजारी उभा होतो. मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून हा सत्कार नंदुरबारच्या सभागृहात न करता रनाळ्याच्या बाजारात करावा, असा हट्ट मी सत्कार मंडळापाशी धरला. मंडळाने तो मानला. आप्पांनी तीन वेळा नाही म्हटले, चौथ्या वेळी सीतावहिनींनी त्यांच्या वतीने हो म्हटले. तिथे मी जे बोलणार आहे ते आधीच इथे लिहून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी माझा धीर सुटला तरी छापलेले राहील. त्या दिवशी आप्पांनी सभा मोडली नाही. त्यांनी माणसे वाचवली, त्यांत मी एक होतो. सभामोड्या हा शब्द माझा होता, तो खोटा होता, आणि तो ज्याने उच्चारला त्याचीच त्यात अप्रतिष्ठा आहे.

आप्पांचा उजवा कान आता मंद झाला आहे. दांड्याशी आयुष्य काढल्याने बोटांची टोके थंडीत बधिर होतात. त्यांना उदंड आयुष्य लाभो, ती बोटे ऊबदार राहोत, डावा कान नातवंडांच्या बडबडीला पुरून उरो आणि सीतावहिनींचा सहवास त्यांना शेवटपर्यंत लाभो, हीच आम्हां सर्वांची मनापासूनची इच्छा.

आणि रनाळेकरांनो, तुमच्यापाशी एक मागणे आहे. येत्या आखाजीला तुमची चाके आप्पांच्या दारात आणा. हातोडा त्यांचा मुलगा उचलील. पण लोखंड किती लाल झाले म्हणजे पुरे आणि पाणी कधी ओतायचे, हे सांगायला ते पाटावर बसलेले असतील. यंदा बसतील, आणि आपले भाग्य असेल तर अजून पुष्कळ वर्षे बसतील.